बोरदरा वस्ती हिरवी कशी झाली

मी काय काम करतो हे गावाकडे सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मग उद्या पाऊस येईल का?"

माझं उत्तरही ठरलेलं होतं. "उद्याचं नाही सांगता येत. तीस वर्षांनंतरचं विचारा."

जामखेडच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाबांनी हे उत्तर ऐकून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारी बसलेल्या गड्याला ते म्हणाले, "लई हुशार मानूस हाय ह्यो. आपन मेल्यावर खोटा ठरंल, पन तवा इचारायला कोन यील?"

हा किस्सा मी अनेक सभांमध्ये सांगितला. पुण्यामुंबईची माणसं खळखळून हसायची. मीही हसायचो. विचारायला माणूस येतो, आणि तीस वर्षं थांबत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हवामान बदलाच्या संगणकी मॉडेलवरून जिल्ह्याचा आराखडा बनवणाऱ्या एका छोट्या कार्यालयात मी अकरा वर्षं काम केलं. कार्यालय नगरमध्ये होतं. आता कागदोपत्री अहिल्यानगर म्हणतात, पण तेव्हाच्या आठवणी जिभेवर नगर म्हणूनच येतात. ते काम सोडून मला दीड वर्ष झालं. संपादकांनी "तुमच्या वेगळ्या क्षेत्रातले अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा वेगळेपणाचेच चार किस्से लिहावेत असं मनात होतं. दोन वेळा तसं लिहिलं आणि फाडलं. कारण त्या अकरा वर्षांतली जी एक गोष्ट मला रोज आठवते, ती त्यात कुठेच नव्हती.

आधी काम समजावून सांगतो. ते वाटतं तेवढं अवघड नाही.

संगणकात सगळी पृथ्वी बर्फीच्या वड्यांसारखी चौकोनांत कापलेली असते. प्रत्येक चौकोनात हवा किती तापली, वारा कुठून कुठे गेला, बाष्प किती आलं, याचं गणित मांडायचं आणि ते पुढे पुढे ढकलत न्यायचं, पार पन्नास-साठ वर्षं. हवेतला धूर असाच वाढत राहिला तर काय, कमी केला तर काय, अशी वेगवेगळी उत्तरं येतात. ही मोठी गणितं आम्ही करत नसू. ती जगातल्या मोठ्या संस्था करतात. आम्ही त्यांची उत्तरं घ्यायचो, आपल्याकडच्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदींशी ताडून दुरुस्त करायचो आणि जिल्ह्यापुरती मांडायचो.

अशी मॉडेलं एक नाही, वीस-पंचवीस असतात, आणि भावकीसारखी ती एकमेकांशी भांडतात. पावसावर त्यांचं कधी एकमत होत नाही. उन्हावर मात्र होतं. ऊन वाढणार, यावर सगळ्यांची सही. त्या बाबतीत आम्ही थोडंफार बरं काम केलं, हे लाज बाजूला ठेवून सांगतो. आमच्या तक्त्यांवरून काही शाळांची वेळ उन्हाळ्यात लवकरची झाली. एका बाजारतळावर सावलीची शेड उभी राहिली. त्या शेडखाली मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायकांना पाहून मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं होतं.

अडचण पावसाची होती. चौकोनाची एक बाजू पंचवीसेक किलोमीटर. एका चौकोनात पन्नास-साठ गावं आणि त्यांच्या वस्त्या बसतात. मॉडेल त्या सगळ्यांना मिळून पावसाचा एकच आकडा देतं. पण सरकारी बैठकीत चौकोन चालत नाही. तिथे गाव लागतं, गावातली वस्ती लागते, आणि प्रत्येक वस्तीला एक रंग लागतो. लाल म्हणजे धोका जास्त, काम आधी. पिवळा म्हणजे मधला. हिरवा म्हणजे काळजीचं कारण नाही. म्हणून आम्ही शेजारशेजारच्या चौकोनांचे आकडे एकमेकांत मिसळून, तव्यावर तेल पसरावं तसे नकाशाभर पसरायचो. तेल पसरतं छान. पण वाटीत होतं तेवढंच असतं ते, वाढत नाही. हे आम्हाला माहीत होतं. नकाशा पाहणाऱ्याला ते दिसत नसे.

लोकांना मात्र रंगाचं महत्त्व आमच्याआधी कळलं. एक सरपंच पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. "सर, आमचं गाव जरा लाल करा ना. अगदी लालभडक नको, पण शेजारच्यापेक्षा जरा डार्क."

मी त्यांना ऐटीत सांगितलं, "दादा, हे मॉडेल आहे. यात माणसाचा हात लागत नाही."

पेढे मी परत केले. ते वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता बोरदऱ्याकडे येतो.

बोरदरा वस्ती जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, वस्तीचं नावही मी बदललं आहे. चाळीसेक घरं, एक सार्वजनिक विहीर, वरच्या अंगाला एक पाझर तलाव. एका वर्षी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि तलावाच्या भिंतीला भगदाड पडलं. तेव्हापासून त्यात पाणी टिकेना, आणि खालच्या विहिरीला पाझर मिळेना. भिंतीची दुरुस्ती जुन्या यादीत होती. पण आता नवा आराखडा आमच्या नकाशावरून ठरणार होता.

नकाशात बोरदरा पिवळा आला. नियम असा होता, की पिवळ्या वस्त्यांना प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायची: घरं किती, माणसं किती, जनावरं किती, विहिरीला पाणी आहे का. ही उत्तरं मॉडेलच्या पावसात मिसळली, की पिवळ्याचा लाल किंवा हिरवा व्हायचा. मार्चअखेरीच्या आत अहवाल द्यायचा म्हणून आम्ही पडताळणीला पौष महिन्यात निघालो.

जीप शब्बीरभाईंची होती. त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, "सर, त्या अंगाला आत्ता कशाला जाता? हायत कोन तिथं?" मी म्हणालो, "दिवसाला नऊ वस्त्या करायच्यात, शब्बीरभाई. चला."

बोरदऱ्यात पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. एकेका दाराला कुलूप. काही दारांना कुलूप नव्हतं, बाभळीच्या काट्या लावून ठेवलेल्या. अंगणात तुळशी वाळलेल्या. गोठ्यांत दावी होती, जनावरं नव्हती. शाळेची एक खोली होती, तिलाही कुलूप. शब्बीरभाई जीपला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, कुत्रंबी न्हाई."

मी विहिरीत डोकावलो. दोन पुरुष खोल, स्वच्छ, हिरवट पाणी होतं. चांगलं वाटलं पाहून. फोटो काढला. फोनवरच्या फॉर्ममध्ये "माणसं" या जागी काहीच न लिहिता पुढे जायला गेलो, तर फॉर्म पुढे जाईना. रिकामी जागा त्याला चालत नव्हती. मी शून्य टाकलं. फॉर्म पुढे गेला. जनावरं, शून्य. विहिरीला पाणी, आहे. पडताळणी पूर्ण. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

त्या वस्तीतली माणसं कुठे गेली होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ती ऊसतोडीला गेली होती. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं सगळं त्यात चढतं आणि वस्ती रिकामी होते. गुढीपाडव्याच्या पुढेमागे माणसं परत येतात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे आईवडील तेच करत. आमच्या वस्तीतली बहुतेक पोरं ट्रॉलीत जायची आणि तिथेच त्यांची शाळा सुटायची. मी राहिलो, कारण माझी चुलती मला घेऊन मागे राहू शकली. ती राहू शकली, कारण आमच्या आडाला होळीपर्यंत पाणी असायचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याबद्दल मी आईवडिलांचे, चुलतीचे, गुरुजींचे आभार आयुष्यभर मानले. त्या आडाचे मानायचे राहिले.

आणि त्या पौषात विहिरीच्या काठावर मला हेही कळलं होतं, की हे पाणी दिसतंय ते उपसायला कोणी नाही म्हणून. माणसं घरी असती तर ती विहीर कार्तिकातच तळाला गेली असती. हे कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहितो आहे. न कळता झालेली चूक वेगळी. शब्बीरभाई हॉर्न वाजवत होते, अजून चार वस्त्या बाकी होत्या, आणि मी जीपमध्ये बसलो.

संध्याकाळी आकडे संगणकात गेले. मॉडेल म्हणत होतं, या चौकोनात सरासरी पाऊस वाढणार. ते खोटं नव्हतं. पण तो पाऊस चार दिवसांत कोसळणार आणि मधले कोरडे दिवसही वाढणार, हे त्याच मॉडेलात दुसऱ्या तक्त्यात होतं. रंगात ते येत नसे. पाऊस वाढणार, माणसं शून्य, विहिरीला पाणी आहे. बोरदरा हिरवा झाला.

नगरला मोठी बैठक झाली. मोठ्या टेबलाभोवती सगळे अधिकारी, भिंतीवर आमचा नकाशा. माझ्या शेजारी आमचे प्रकल्पप्रमुख बसले होते. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. पुण्यात एम.एस्सी. करताना मला इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती, तेव्हा या माणसाने मला मुलाखतीत मराठीत बोलू दिलं आणि नोकरी दिली. ते उपकार मी कधी विसरलो नाही.

एका साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "ही वस्ती जुन्या यादीत होती. हिरवी कशी झाली?"

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हणालो, "मॉडेलनुसार तिथे पाऊस वाढतोय सर, आणि प्रत्यक्ष पडताळणीही झाली आहे."

"तुम्ही स्वतः गेला होतात?"

"हो सर."

"नक्की ना?"

"हो सर."

साहेबांनी यादीवर रेघ मारली. मी खाली बसलो. मी बोललेला एकही शब्द खोटा नव्हता. एवढ्या सफाईने खोटं बोलता येतं, हे मला शिक्षणाने दिलं.

वैशाखात एका सकाळी कार्यालयात एक बाई आल्या. साठीच्या असतील. नऊवारी लुगडं, पायांत टायरच्या चपला, सोबत दहा-अकरा वर्षांची नात. हातात आमच्या नकाशाची झेरॉक्स. काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर कोणीतरी त्यांच्या वस्तीभोवती पेनाने गोल काढून "हिरवा" असं लिहून दिलं होतं.

"मी कौसाबाई. बोरदऱ्याची," त्या म्हणाल्या. "हे हिरवं कुनी केलं?"

कार्यालयात चार माणसं होती. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मावशी, ते मॉडेलने ठरतं."

"मंग त्याला बोलवा भाईर. मला त्याच्याशीच बोलायचं हाय."

"तो माणूस नाही मावशी. संगणक आहे."

"आसं व्हय? मंग त्यो आमच्या वस्तीवर कवा आल्ता? आमी तं बगितला न्हाई."

नात फिस्सकन हसली. कौसाबाईंनी तिला दटावलं, "गप गं आरते." मलाही हसू आलं आणि लगेच गेलं. मी त्यांना खालच्या हॉटेलात चहाला नेलं. कार्यालयात बोलायची मला भीती वाटत होती, हे कारण.

चहा बशीत ओतून त्या सांगू लागल्या. "आमचं मागनं लई मोठं न्हाई, सायेब. तळ्याची भिंत झाली का हिरीला पाझर ऱ्हातो. पाझर ऱ्हायला का म्या म्हातारी ह्या तीन पोरांना घिऊन मागं ऱ्हाते. लेक-सून जात्यात त्यांच्या त्यांच्या. पोरं साळंत जात्यात. पानीच न्हाई ऱ्हायलं तं मी एकलीनं तीन लेकरं कशी जगवू? मंग समदीच टिराल्लीत. मागल्या सालाबी समदीच गेल्तो. ही पोरगी चौथीत हुती, उसाच्या फडात भावाला सांबाळीत बसली. औंदा भिंत हुनार आसं सांगितलं हुतं. आन आता म्हनत्यात तुमी हिरव्यात."

मी आरतीला विचारलं, "शाळेत काय आवडतं?"

"गनित," ती म्हणाली, आणि बिस्किट चहात बुडवलं.

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. पौषात आलो होतो. दारं बंद होती. शून्य लिहिलं. विहिरीत पाणी पाहिलं. सगळं सांगितलं, फक्त एक सोडून: ते पाणी का दिसतंय हे मला तिथेच समजलं होतं, हे सांगितलं नाही.

कौसाबाईंनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पौसात कुनी आमच्या घरी येतं व्हय? पाव्हनाबी न्हाई येत." आणि मग, "हे जे बोललात, ते लिवून द्या."

मी वहीचं पान फाडलं. लिहिलं, की पडताळणीच्या वेळी रहिवासी स्थलांतरित होते, त्यामुळे माणसं व जनावरं यांची नोंद चुकीची झाली आहे, विहिरीतील पाणी वापर नसल्यामुळे दिसत होतं, वस्तीचा रंग पुन्हा तपासावा. खाली सही केली. कौसाबाईंनी पान आरतीकडे दिलं. तिने अडखळत, मोठ्याने, सगळं वाचून दाखवलं. "बरुबर हाय," कौसाबाई म्हणाल्या आणि घडी घालून कंबरेच्या पिशवीत ठेवलं. शब्बीरभाईंच्या जीपने मी त्यांना बसस्टँडवर सोडून आलो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. जे बरं वाटलं त्याचाच आता राग येतो.

पंधरा दिवसांत, कौसाबाईंनी तालुक्याला दिलेली त्या पानाची झेरॉक्स फिरत आमच्या कार्यालयात आली. मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मी कदाचित उलट बोललो असतो.

"बस," ते म्हणाले. "हे तू मला का नाही सांगितलंस?"

मी टेबलावरच्या झेरॉक्सकडे पाहत राहिलो.

"एका वस्तीची नोंद चुकीची म्हटलीस, की उद्या सगळे विचारणार, बाकीच्यांची बरोबर कशावरून? पडताळणी सगळीकडेच हिवाळ्यात झाली आहे. आराखडा परत येईल. ज्या वस्त्या खरोखर लाल आहेत त्यांचीही कामं अडकतील. तुला ते हवं आहे का?"

यात तथ्य होतं. मला आजही वाटतं की तथ्य होतं. आणि तरीही, पडताळणी सगळीकडेच हिवाळ्यात झाली, या वाक्यातच खरी गोष्ट होती, आणि ती आम्ही दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू," सर म्हणाले. "तोपर्यंत एक छोटं पत्र देऊन टाक."

छोटं पत्र त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. "पूर्वीची चिठ्ठी ही माझे वैयक्तिक मत असून तिला तांत्रिक आधार नाही. नकाशातील वर्गवारी कायम समजावी." माझा करार दरवर्षी नवा व्हायचा आणि ते महिने त्याचेच होते. पण तेवढ्यासाठीच सही केली, असं म्हटलं तर ते अर्धंच होईल. या माणसाला मी नाही म्हणू शकलो नाही. उपकाराखाली माणूस वाकतो आणि त्याला कृतज्ञता म्हणतो. मी सही केली. शिपायाने जावक क्रमांक टाकला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बोरदऱ्याच्या ट्रॉल्या निघाल्या. आरती त्यात होती, हे मला शब्बीरभाईंकडून कळलं. ते त्या रस्त्याने भाडं घेऊन गेले होते. "ती हसरी पोरगी बगा, सर, तुमच्याकडं आल्ती ती. ट्रॉलीवर उभी हुती. मला हात केला तिनं." मी फक्त "हो का" म्हणालो आणि समोरच्या पडद्यावर काहीतरी पाहत असल्यासारखं केलं.

पुढची आवृत्ती आली. तिच्यात बोरदरा दुरुस्त झाला नाही. मी विषय काढला नाही, सरांनीही काढला नाही.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. मी नोकरी सोडली, त्याचं कारण मी लोकांना आईची तब्येत असं सांगितलं. गेल्या भाद्रपदात एक फोन आला. "सायेब, कौसाबाई बोलती. तळं भरलंय. सांडव्यावरनं पानी चाललंय. या बगायला."

मी गेलो. एसटीने गेलो, शब्बीरभाईंना तोंड दाखवायचं नव्हतं. तळ्याची भिंत नवी होती, तिच्यावर रचलेले पिचिंगचे दगड अजून पांढरे दिसत होते. भिंतीवर सतरंजी घातली होती, बायकांनी ओटीचं सामान आणलं होतं, पाण्याची पूजा झाली. गुळभात होता. कौसाबाईंनी मला पुढे ओढलं आणि माझ्या हातात नारळ दिला. "ह्ये त्ये सायेब. ह्यांनी पयला कागद लिवून दिल्ता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला.

नारळ हातात धरून उभं राहणं मला जमेना. जेवणं झाल्यावर मी कौसाबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, एक सांगायचं राहिलंय. मी तो कागद नंतर खोटा ठरवला. दुसरं पत्र दिलं."

त्यांनी मान हलवली. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापासनं. तालुक्याच्या सायबानं वाचून दावलं. म्हनला, आजी, तुमच्या मानसानंच पलटी मारली, आता जा घरी. झेरॉक्सबी दिली." त्यांनी कंबरेची पिशवी काढली. आत प्लास्टिकमध्ये दोन कागद होते. एक माझ्या अक्षरातला, एक टाइप केलेला.

"मग मला बोलावलंत कशाला? नारळ कशाला दिला?"

"पयला कागद तुमी सोताहून लिवल्ता, म्हनून." त्या भिंतीवर टेकल्या. "आन खरं सांगू का, तळं तुमच्या कागदानं न्हाई झालं. नवा सायेब आला. म्या म्हनलं, कागद नगं बगू बाबा, तू चल. त्यो आला अश्विनात, समदी मानसं घरी हुती. हिरीत वाकून बगितलं, खाली चिखल. म्हनला, किती मानसं पेत्यात ह्यावर? आमी मोजून दावली. त्यानं दुसऱ्या योजनेतनं बसविलं."

म्हणजे एवढंच करायचं होतं. अश्विनात यायचं आणि विहिरीत वाकायचं.

"यंदा राहणार ना मग मागे? पोरं घेऊन?"

"ऱ्हानार तं. धाकली दोगं ऱ्हात्यात. साळा बंद पडली, पट न्हवता ना, पन खालच्या गावात जात्यात चालत."

"आणि आरती?"

कौसाबाईंनी हाताने दाखवलं. आरती पातेली घासत होती. उंच झाली होती. अंगावर साडी होती.

"तिचं न्हाई जमलं," कौसाबाई म्हणाल्या. "तीन सालं फडावर गेली, साळंतनं नाव गेलं. आता बारक्या पोरींच्यात बसायची लाजती. औंदा कोयता घेनार म्हनती."

मी आरतीकडे गेलो. ती पातेल्यावरून मान वर न करता म्हणाली, "सर, त्यो नकाशा हाय का तुमच्या मोबाईलवर?"

होता. संकेतस्थळावर अजून आहे. मी उघडला, बोटांनी मोठा केला, तिला दाखवला. तिने ओला हात ओच्याला पुसला, फोन घेतला आणि वस्ती शोधून काढली. बोरदरा हिरवाच होता.

"आजून हिरवाच," ती म्हणाली.

"हो."

"तुमी तं म्हनला हुता चुकीचं हाय."

"हो. चुकीचंच आहे."

"मंग ऱ्हाऊ कसं दिलं?"

तिने फोन परत दिला आणि पातेली घासायला घेतली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. उत्तराची वाटही तिने पाहिली नाही.

घरी आल्यावर मी ते दुसरं पत्र मागे घेत असल्याचा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्यात त्या हिवाळ्यात पडताळलेल्या सगळ्या पिवळ्या वस्त्या पुन्हा तपासाव्यात, असंही लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. मोठ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "आता कशाला, अरे? काम झालं ना त्यांचं?" त्यांच्याशी मी पहिल्यांदाच वाद घातला आणि तो वाईट झाला. त्यांचे उपकार माझ्यावर आहेतच. पण ते फेडायला मी बोरदऱ्याचं पाणी वापरलं, ते माझं नव्हतं.

माझ्यासारख्या आकड्यांच्या कामात असलेली तरुण मुलं हा अंक वाचत असतील, तर त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मॉडेल वाईट नाही. ते बिचारं जेवढं त्याला सांगितलं तेवढंच सांगतं. त्याला शून्य मी सांगितलं होतं.

नकाशावर ती वस्ती आज, मी हे लिहितो आहे तेव्हाही, हिरवी आहे. अर्जाला उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर इथे, माझ्या नावाखाली, सगळ्यांच्या समोर लिहून देतो: ती हिरवी नव्हती. तिथे माणसं शून्य नव्हती. आणि हे मला त्या पौषातच, विहिरीवर वाकलो होतो तेव्हाच, कळलं होतं.